नोझलच्या बाजूची भोकं

संपादकांनी इंदुरातल्या ‘जुनी इंदूर’ या भागावर लिहायला धाडलं होतं. इंद्रेश्वराचं देऊळ, मंडलोई जमीनदारांची वस्ती, मग होळकर. हा इतिहास इथे कुणीही सांगेल. मी मात्र लोहामंडीच्या बाजूला, दुचाकीच्या एका गॅरेजात दाबलेल्या हवेने सफाई करायची एअर गन बघत उभा राहिलो.

उस्ताद साठीचे. कार्बोरेटरचा जेट उजेडाकडे धरायचा, खटका अर्धाच दाबायचा, फुस्स, की पुन्हा उजेडाकडे. गन गळू लागली तेव्हा त्यांनी आधी कॉक बंद केला, खटका दाबून पाईपमधली उरलेली हवा सोडली आणि मगच ती खोलली. आत एक स्प्रिंग, एक पिन आणि रबराची ओ-रिंग, बस्स. मागून येणारी हवाच व्हॉल्व्ह दाबून धरते. बोट उचललं की हवा बंद. म्हणूनच खटका तारेने बांधून ठेवणारा पोरगा त्यांच्याकडे टिकत नाही. गळती शोधायला साबणाचं पाणी लावतात, बोट नाही.

मला खरी भुरळ पडली ती टोकाची. नोझलच्या बाजूला बारीक भोकं असतात. टोक तळहाताला टेकलं तर हवा त्यांतून निसटते, कातडीवर पुरता दाब चढत नाही. कॉम्प्रेसरच्या टाकीत शंभर-सव्वाशे पाउंड दाबाची हवा असते. अमेरिकेतला कामगार-सुरक्षेचा नियम सांगतो, की सफाईच्या हवेचं तोंड बंद झालं तरी तिथला दाब 30 पाउंडांच्या आत राहावा, उडणाऱ्या कचऱ्याला आडोसा असावा आणि डोळ्यांवर चष्मा. आपल्याकडेही 1948 च्या कारखाना कायद्यात डोळ्यांसाठी कलम होतंच. पण चार माणसांच्या गॅरेजात विचारायला येतो कोण?

एवढी साधी युक्ती, आणि तीच लोक बुजवतात. ‘‘भाऊ, भोकांमुळे जोर कमी पडतो म्हणतात,’’ उस्ताद म्हणाले. मग भोकांवर टेप, नाहीतर नुसती तांब्याची नळी.

टाकीचीही तीच हेळसांड. दाबलेली हवा थंड झाली की तिच्यातलं पाणी तळाशी साचतं, पावसाळ्यात जास्तच. रोज खालचा कॉक उघडून ते काढलं नाही, तर पत्रा आतून गंजत पातळ होतो, बाहेरचा रंग मात्र शाबूत. सेफ्टी व्हॉल्व्हची कडीसुद्धा अधूनमधून ओढून बघावी लागते. पुष्कळ ठिकाणी ती रंगात चिकटून बसलेली असते.

पण सगळ्यांत वाईट वेळ संध्याकाळची. काम संपलं की पोरं एकमेकांचे कपडे गनने झाडतात. धूळ डोळ्यांत आणि छातीत जाते, जुन्या ब्रेकची असेल तर तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉसही असू शकतं. त्यातून मस्करी सुरू होते. शरीरात हवा सोडण्याच्या अशा ‘गमतीत’ आतडी फाटून देशात माणसं मेली आहेत. वेल्डिंगवाला शेजारी असला तर कुणी ऑक्सिजननेच कपडे झाडतो. हा वायू कापडात मुरून राहतो आणि एका ठिणगीने अंगावरचे कपडे भडकतात.

आणखी एक. हवा कातडीखाली शिरली तर जखम टाचणीएवढी असते, कधी दिसतही नाही. हात फुगतो, दाबला की चरचरतो. तेव्हा हळद लावून घरी बसायचं नाही. सरळ एम.वाय. रुग्णालय गाठायचं, आणि हवा कुठून शिरली, दाब किती होता, हे डॉक्टरांना आधी सांगायचं.