अर्ज ओझरचा, अडथळा कलम ४ चा

ओझरच्या जोडप्याला विशेष विवाह कायदा, १९५४ खाली लग्न करायचे तर जिल्ह्याच्या विवाह अधिकाऱ्याकडे ३० दिवसांची नोटीस द्यावी लागते. समलिंगी जोडपे त्याआधीच कलम ४ पाशी अडते. तिथे पुरुष २१ वर्षांचा, स्त्री १८ वर्षांची, असे लिहिले आहे. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा प्रश्न संसदेवर सोपवला. नागरी सहजीवनाला मान्यता देऊ पाहणारे तत्कालीन सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्या. संजय किशन कौल अल्पमतात राहिले. खासदार सुप्रिया सुळे यांनी समलिंगी विवाहासाठी २०२२ मध्ये लोकसभेत मांडलेल्या खासगी विधेयकाचा कायदा झाला नाही. अशा जोडप्यांच्या संयुक्त बँक खात्याला आडकाठी नसल्याचे केंद्राने ऑगस्ट २०२४ मध्ये स्पष्ट केले. मृत्युपत्राशिवाय जोडीदाराला वारसाहक्क मात्र नाही. हा उघड अन्याय आहे, आणि तो संसदेनेच दूर करायला हवा.