क्रियापद सावरले की निबंध सावरतो

‘मी काल पत्र पाठवले आहे’ हे मराठी वाक्य निर्दोष आहे. तेच शब्दशः इंग्रजीत नेले, ‘आय हॅव सेंट द लेटर यस्टरडे’ असे लिहिले, की चुकते. ‘हॅव सेंट’ या रूपाची गाठ वर्तमानाशी असते. ‘काल’सारखी सरून गेलेली वेळ सांगितली की तिथे नुसते ‘सेंट’ हवे. यात अडचण शब्दसंग्रहाची नाही, कारण लिहिणाऱ्याला प्रत्येक शब्द येतो. तरीही इंग्रजी निबंध सुधारायचा म्हटले की आपण मुलांकडून म्हणी, सुविचार आणि जड शब्द पाठ करून घेतो. मराठी भाषकाचा इंग्रजी निबंध ठेचकाळतो तो पुष्कळदा क्रियापदापाशी. म्हणून क्रियापदाचे मोजकेच व्याकरण, तेही मराठीशी ताडून, शिकणे हा निबंध सुधारण्याचा अधिक खात्रीचा मार्ग आहे.

या व्याकरणाला बिचकण्याचे कारण नाही. मराठीत आंबा खाल्ला, पोळी खाल्ली, फळ खाल्ले. कर्माचे लिंग बदलले की क्रियापद बदलते. इंग्रजीत लिंगाचा प्रश्नच येत नाही. ‘वॉक’सारख्या नियमित क्रियापदाची रूपे चारच: वॉक, वॉक्स, वॉक्ड, वॉकिंग. सर्वांत जास्त रूपे ‘बी’ची, तीही आठच. मग चूक होते कुठे? ‘रस्त्यांचा दर्जा खराब आहे’ या वाक्यात ‘रस्त्यांचा’ आधी येऊन जातो आणि ‘दर्जा’ हा कर्ता क्रियापदाच्या बाजूला राहतो. इंग्रजीत क्रम उलटतो: ‘द क्वालिटी ऑफ द रोड्स’. आता क्रियापदाला खेटून अनेकवचनी ‘रोड्स’ उभा असतो आणि हात नकळत ‘आर’ लिहून जातो. हवे असते ‘इज’, कारण कर्ता ‘क्वालिटी’ आहे. दुसऱ्याचे म्हणणे सांगतानाही असेच होते. ‘तो म्हणाला की त्याला बरे नाही’ यात मराठी दुसऱ्या क्रियापदाला वर्तमानातच राहू देते. इंग्रजी त्याला सहसा भूतकाळात ओढते, ‘ही सेड ही वॉज इल’. निबंधात इतरांची मते वारंवार मांडावी लागतात, त्यामुळे ही एक गोष्ट पानोपानी उपयोगी पडते.

क्रियापदाचा संबंध केवळ शुद्धतेशी नाही, शैलीशीही आहे. अभ्यास करणे, चर्चा करणे, तपासणी करणे: नामाला ‘करणे’ जोडून क्रियापद घडवणे ही मराठीची सहज रीत आहे. ती इंग्रजीत गेली की ‘द कमिटी डिड द इन्स्पेक्शन ऑफ द ब्रिज’ असे आठ शब्दांचे बोजड वाक्य तयार होते. ‘द कमिटी इन्स्पेक्टेड द ब्रिज’ या पाच शब्दांत तेच काम होते, कारण कृतीचा भार क्रियापदाने स्वतः उचललेला असतो. असे एकेक वाक्य हलके झाले की सगळ्या निबंधाची चाल बदलते.

यावर पहिला आक्षेप संशोधनाचाच आहे. रिचर्ड ब्रॅडॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली लेखनविषयक संशोधनाचा आढावा घेतला. औपचारिक व्याकरण शिकवल्याने लेखन फारसे सुधारत नाही, उलट ते लेखनसरावाचा वेळ खात असल्याने अपायही होऊ शकतो, असा त्यांचा निष्कर्ष होता. स्टीव्ह ग्रॅहम आणि डोलोरेस पेरिन यांचा २००७चा ‘रायटिंग नेक्स्ट’ हा अहवालही सुट्या व्याकरणपाठांच्या बाजूने बोलत नाही. मात्र छोटी वाक्ये जोडून मोठी करण्याचा सराव लाभदायक ठरतो, असे तोच अहवाल सांगतो. म्हणजे निकाल व्याख्या आणि तक्ते घोकण्याच्या विरोधात आहे. लिहिता लिहिता वाक्याची घडण समजून घेण्याच्या विरोधात नाही. शिवाय इंग्रजी ज्यांच्या कानावर घरीच पडते, त्यांना ‘क्वालिटी ऑफ द रोड्स इज’ हे कानानेच कळू शकते. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे, पण अनेक मुलांना ती ऐकू येते ती तासापुरतीच.

दुसरा आक्षेप असा की भरपूर वाचले तर भाषा आपोआप येते, नियम कशाला? भाषाअभ्यासक स्टीफन क्रॅशन यांनी हेच आग्रहाने मांडले, आणि वाचनाला पर्याय नाही हे मान्यच करायला हवे. पण जाणीवपूर्वक शिकलेला नियम तपासनिसाचे काम करतो, असेही तेच सांगतात. त्यासाठी नियम माहीत असावा, वेळ मिळावा आणि लक्ष भाषेच्या रूपाकडे असावे, या त्यांच्या अटी आहेत. बोलताना वेळ आणि रूपाकडे लक्ष देण्याची सवड मिळणे कठीण. निबंध पुन्हा वाचताना मात्र दोन्ही मिळतात.

म्हणून पहिला खर्डा न थांबता लिहावा. विचारांचा ओघ व्याकरणासाठी अडवू नये. नंतर प्रत्येक क्रियापदाखाली रेघ ओढून तीन प्रश्न विचारावेत: याचा खरा कर्ता कोणता? सांगितलेली वेळ आणि काळाचे रूप जुळते का? ‘डू’ किंवा ‘मेक’च्या मागे एखादे समर्थ क्रियापद नामाच्या वेषात दडले आहे का? कर्ता, कर्म, काळ या तिन्ही गोष्टी मुले मराठीच्या तासाला आधीच शिकलेली असतात. इंग्रजीच्या शिक्षकांनी ते ज्ञान हाताशी घ्यावे. मराठी वाक्य नीट उलगडता येणाऱ्या मुलाने इंग्रजी क्रियापदाची अर्धी वाट चालून टाकलेली असते.