बियाण्याला थायरम, संध्याकाळी दारू

मृग लागला की आपल्या यवतमाळ जिल्ह्यात सोयाबीनच्या बियाण्याला थायरम लावण्याची घाई सुरू होते. किलोला ३ ग्रॅम, हे प्रमाण बहुतेकांना तोंडपाठ आहे. पण कित्येक जण ओसरीत पोते पसरून उघड्या हातानेच बियाणे चोळतात. ज्याला सवय आहे तो संध्याकाळी गुत्त्यावर जातो. मग कधी कधी तोंड लालबुंद होते, छाती धडधडते, डोके ठणकते, उलट्या होतात. घरचे म्हणतात, "दारूच खराब होती बाप्पा!" असेलही. पण दर वेळी तसे नसते.

थायरम हे दारू सोडविण्याच्या गोळीचे सख्खे चुलत भावंड आहे. त्या गोळीतले औषध म्हणजे डायसल्फिराम. दोन्ही रसायने रबराच्या कारखान्यात वापरली जात. असे रसायन हाताळणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, हे १९३७ साली अमेरिकेतील एका कारखान्याच्या डॉक्टराने लिहून ठेवले. पुढे डेन्मार्कमध्ये हाल्ड आणि याकोबसेन हे दोघे जंतावर औषध म्हणून डायसल्फिराम तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेतले, वर थोडी दारू झाली आणि तब्येत बिघडली. १९४८ साली दारू सोडविण्याचे औषध म्हणून ते जगापुढे आले.

आता आत काय घडते ते पाहू. यकृतातील एक विकर, म्हणजे एन्झाइम, दारूचे असिटाल्डिहाइड करते. हे विषारी असते. दुसरे विकर लगेच त्याचा निरुपद्रवी पदार्थ करते. गोळी या दुसऱ्या विकराला कुलूप लावते, आणि विष रक्तात साचते. गंमत अशी की कुलूप लावणारी खुद्द गोळी नव्हे. यकृतातील विकरे गोळीची मोडतोड करतात, त्यातून निघालेला पदार्थ हे काम करतो. याच मोडतोडीत कार्बन डायसल्फाइडही निघतो, तो नसांना वाईट. काहींना यकृताला सूज येऊन कावीळ होते. नवे विकर तयार होईस्तोवर कुलूप निघत नाही, म्हणून गोळी बंद केल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत दारू अंगावर येऊ शकते.

क्लोरपायरीफॉसचेही असेच. शरीरातली विकरेच त्याला अधिक जहाल रूप देतात. २०१७ च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसच्या वर माणसे गेली, ते कोणी विसरलेले नाही.

आमच्या मायबहिणींना एक सांगणे आहे. नवऱ्याच्या नकळत वरणात ही गोळी कालवू नका. तुमचा जाच कळतो, शेजारच्या वर्ध्यात दारूबंदी आणि आपल्याकडे दुकाने उघडी. पण ज्याला माहीतच नाही तो नेहमीसारखी पिणार. रक्तदाब एकदम घसरतो, हृदय कमजोर असेल तर माणूस दगावतो. तपासणी करून, त्याच्या संमतीने, डॉक्टरसाहेबांच्या देखरेखीखाली द्यायचे औषध आहे हे. दारूचा अंश असलेले खोकल्याचे औषधसुद्धा त्यावर चालत नाही.

बीजप्रक्रिया हातमोजे घालून, तोंडाला फडके बांधून, ड्रममध्ये करा. नंतर साबणाने हात धुवा, त्या दिवसांत दारू नकोच. त्रास झाला तर दवाखान्यात थायरमची पुडी आणि घरातल्या गोळ्या सोबत न्या, काय हाताळले ते लपवू नका. उरलेले बियाणे कोंबड्यांना टाकू नका. त्यांचे पाय अधू होतात, अंडी मऊ कवचाची पडतात.