राक्षस गच्चीवर, बोट कचऱ्यात!

टोकियोच्या शिंजुकू भागात काबुकिचो ही करमणुकीची वस्ती आहे. तिथल्या चित्रपटगृह आणि हॉटेल असलेल्या एका इमारतीच्या गच्चीवरून गॉडझिला या सिनेमातल्या राक्षसाचे प्रचंड डोके २०१५ सालापासून रस्त्याकडे रोखून पाहत आहे. जमिनीपासून त्याची उंची सुमारे ५० मीटर, म्हणजे पहिल्या चित्रपटातील राक्षसाएवढीच! शिंजुकूच्या प्रशासनाने त्याला विशेष रहिवासी आणि पर्यटनदूत केले. पर्यटक हौसेने फोटो काढतात. मात्र हा राक्षस जन्मला कशातून, हे त्यांपैकी किती जणांना ठाऊक असते?

१ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरातील बिकिनी बेटांवर हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली. 'दायगो फुकुर्यू मारू' ही जपानी मासेमारी बोट तेव्हा जाहीर केलेल्या धोक्याच्या क्षेत्राबाहेर होती. तरीही तिच्यावर किरणोत्सारी राख पडली. बोटीवरचे २३ जण आजारी पडले. त्यांतले रेडिओ ऑपरेटर आयकिची कुबोयामा २३ सप्टेंबरला मरण पावले. रोंगेलाप बेटावरच्या मूळ रहिवाशांनाही त्याच राखेने पोळले. त्यानंतर ३ नोव्हेंबरला इशिरो होंडा यांचा 'गोजिरा' पडद्यावर आला. हायड्रोजन बॉम्बच्या चाचण्यांनी समुद्रतळातून उठलेला प्राणी त्यात टोकियो तुडवतो. तो चित्रपट म्हणजे एक आरोपपत्रच होते.

जानेवारी १९५५ मध्ये अमेरिकेने जपानला २० लाख डॉलर दिले. पण कायदेशीर जबाबदारी नाकारून, 'सानुग्रह' म्हणून. आम्ही वकिली करतो. या शब्दाचा अर्थ आम्हांला चांगला कळतो. पैसे घ्या आणि गप्प बसा. गुन्हा आम्ही मानत नाही!

आणि ती बोट? किरणोत्सार कमी झाल्यावर तिचे नाव बदलून तिला मत्स्यविद्यापीठाचे प्रशिक्षण जहाज केले गेले. १९६७ साली मोडीत निघालेली ही बोट टोकियोच्या कचऱ्याच्या भरावावर, युमेनोशिमा येथे पडून राहिली. १९६८ साली एका तरुणाने वर्तमानपत्राला पत्र लिहिले, सामान्य नागरिक एकत्र आले आणि बोट वाचली. १९७६ पासून ती तिथेच प्रदर्शन-भवनात उभी आहे.

हा फरक आमच्या वाचकांनी लक्षात घ्यावा. राक्षसाला गच्ची मिळाली, कारण तो तिकिटे विकतो. बोटीला मात्र कचऱ्यातून लोकांनी बाहेर काढावे लागले, कारण ती साक्षीदार आहे. सत्तेला राक्षस चालतो, साक्षीदार चालत नाही.

आमचा त्या डोक्याला विरोध नाही. मुलांनी ते जरूर पाहावे. पण पुतळा उभारला म्हणजे स्मृती जपली, असे होत नाही. पुतळ्यातून त्याची हकीकत काढून घेतली की उरते ती फक्त जाहिरात! टोकियोला जाणाऱ्याने म्हणून आधी युमेनोशिमाची बोट पाहावी आणि मग शिंजुकूत मान वर करावी. तेव्हाच ती डरकाळी कोणाविरुद्ध होती, हे कळेल.