गाडीच्या अंगाचं कव्हर

बाजारातल्या तयार कव्हरवर गाडीचं नाव छापलेलं असतं. गाडी कंपनीतून निघाली तशीच असेल, तर ते बरोबर बसतं. पण पारशिवनीत एखाद्यानं बुलेटला उंच हँडल, पुढं काच, बाजूला लोखंडी डिक्क्या आणि मागं कॅरिअर लावलं, की तेच कव्हर हँडलवर ताणतं आणि मागचं चाक उघडं राहतं. मोठ्या मापाचं घेतलं, तर सैल कापड वाऱ्यानं हलत राहतं, आत शिरलेली धूळ टाकीवर घासते आणि रंग खरवडतो. अशा गाडीचं कव्हर शिवूनच घ्यावं. सीट कव्हर आणि ताडपत्री शिवणाऱ्या कारागिराला हे काम जमतं.

माप घेताना गाडी साइड स्टँडवरच हवी, कारण ती रोज तशीच उभी असते. ती डावीकडे कललेली असते. दोन्ही बाजू सारख्या कापल्या, तर डावीकडचं कापड जमिनीवर लोळतं आणि उजवीकडचं वर उचललं जातं. टेप हवेत सरळ धरून चालत नाही. पुढच्या मडगार्डवरून काच, टाकी, सीट, कॅरिअर असं अंगाला चिकटून तो मागच्या चाकापर्यंत न्यायचा. मग हँडल, आरसे आणि डिक्क्यांची रुंदी. बाजूचा आकार जुन्या चादरीवर खडूनं उतरवला, की बेत तयार होतो: मधला लांब पट्टा आणि दोन बाजू. माथ्यावर जोड नको, सुईच्या भोकांतून पाणी झिरपतं. शिलाई बाजूंना घ्यायची, कापड दुमडून, दुहेरी.

ताडपत्री पाऊस अडवते, पण आतली वाफही कोंडते, आणि त्या ओलीनं क्रोमवर गंज चढतो. त्यापेक्षा आतून लेप दिलेलं पॉलिस्टर बरं. हँडलखाली झडपेआड जाळी ठेवायची, टाकीपाशी मऊ सुती अस्तर लावायचं. सायलेन्सरपाशी जाड कॅनव्हासचा तुकडा हवाच. तरीही इंजिन निवल्याशिवाय कव्हर टाकू नये, तापलेल्या नळीला पॉलिस्टर चिकटतं.

खाली इलास्टिक आणि पोटाखालून आवळायचा पट्टा असला, की कव्हर वाऱ्यानं उडत नाही. पेंचच्या जंगलालगतच्या गावांत वानरं सीट फाडतात, तिथं हा पट्टा विशेष उपयोगी. पुढच्या चाकाशी दोन पितळी रिंगा बसवल्या, तर कुलूपही लागतं.

कव्हर एकट्यानं, अंधारातही घालता आलं पाहिजे, म्हणून पुढच्या टोकाला वेगळ्या रंगाची पट्टी शिवून घ्यावी. घालायला जड जाणारं कव्हर घरात घडी होऊन पडतं आणि 45 अंशांपुढच्या उन्हात गाडी उघडीच तापते. गाडीचे सगळे बदल आधी उरकावेत, माप शेवटी द्यावं. शिलाईत दोन बोटं कापड जास्त सोडायला सांगावं, म्हणजे उद्या डिक्की बदलली, तर उसवून पुन्हा बसवता येतं.