सांगाडा वाजवून पाहा

मडके विकत घेताना आपण ते बोटाने वाजवून पाहतो. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील वाहन संशोधन व विकास संस्थेत लष्करी वाहने कसोटीला लागतात; रेडिओवर चालणाऱ्या शर्यतीच्या छोट्या गाडीला मात्र ही मडक्याची कसोटीही पुरते.

तिचा सांगाडा म्हणजे बहुधा दोन-अडीच मिलिमीटर जाडीची कार्बनतंतूंची प्लेट. सुमारे ७ मायक्रोमीटर जाडीच्या तंतूंचे थर इपॉक्सीने चिकटवलेले असतात. ताण पेलतात ते तंतू. इपॉक्सी त्यांना जागेवर धरते.

धडकेने धातू वाकतो, ते दिसते. येथे पृष्ठभाग गुळगुळीत राहूनही आतले थर सुटू शकतात. म्हणून नाण्याने हलके ठोकत जावे. सलग भाग टणटण वाजतो. थर सुटलेल्या जागी ताठरपणा कमी, म्हणून नाणे किंचित जास्त वेळ टेकते, उच्च स्वर उमटत नाहीत आणि आवाज बद्द येतो.

कडेचे थर सुटले असतील तर फटीत पातळ इपॉक्सी मुरवून, दाबून सुकू द्यावे. तंतूच तुटले असतील तर प्लेट बदलावी. गोंद थर जोडतो, तुटलेला तंतू सलग करीत नाही. घासताना प्लेट ओली ठेवावी, मुखपट्टी बांधावी. ही धूळ श्वासात जाऊ नये.

वर्गात पापुद्रा सुटलेले आणि चांगले प्लायवूड विद्यार्थ्यांना डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून ओळखायला सांगा.