ब्रेडबोर्डची घरगुती हत्यारं

पाथरीतल्या एखाद्या मुलीला ब्रेडबोर्डवर एलईडी लावून बघायचा असेल, तर जम्पर वायर मागवायची गरज नाही. जुन्या लँडलाइन केबलमधली अर्धा मिलिमीटर जाडीची एकसंध तांब्याची तार छिद्रात छान बसते. टोकं आठेक मिलिमीटर सोलायची, बस्स. छिद्रांमधलं अंतर २.५४ मिलिमीटर, तेवढ्यावर खुणा केलेली पट्टी तार वाकवायला घ्यावी.

असं करत शिकण्यासाठीच डॉ. श्रीनाथ कलबागांनी १९८३ मध्ये पाबळला विज्ञान आश्रम काढला. मला ते काम फार मोलाचं वाटतं.

सगळ्यात आधी मात्र तपासणी-दिवा बनवा: ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर, लाल एलईडी, सगळं एकापुढे एक. मोकळी टोकं तारेला लावा. दिवा लागला नाही, तर तार आतून तुटलेली आहे.